ज्ञानकोशकार केतकर : पूर्ती आणि उपेक्षा

'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्धीस गेले तेव्हा त्याचे प्रधान संपादक डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी वयाची पंचेचाळिशीही ओलांडलेली नव्हती. आयुष्यातील सर्वांत कर्तबगार वर्षे ज्यात खर्ची पडली ते कार्य तडीस गेले होते. अशा वेळी माणसाला मान, स्वास्थ्य आणि पुढील कार्यासाठी साधने मिळावीत अशी अपेक्षा कोणीही करील. केतकरांच्या वाट्याला यांपैकी मान काही प्रमाणात आला; स्वास्थ्य आणि साधने मात्र आली नाहीत. कोश संपला आणि संपादकाचा योगक्षेमही त्याबरोबरच संपला. त्यानंतर सुमारे दहा वर्षे ते जगले आणि ती सर्व वर्षे ओढगस्तीत गेली. अपयशाने माणूस दैन्यास लागतो, हे नेहमीच दिसते. येथे मात्र पूर्ती हेच दैन्याचे निमित्त झाले, आणि म्हणून हे चरित्र त्या पिढीतील इतर अनेक कष्टमय चरित्रांहून वेगळे ठरते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. हे गाव तेव्हा मध्य प्रांतात होते, इ. स. २००० पासून ते छत्तीसगढ राज्याची राजधानी आहे. म्हणजे ज्याने महाराष्ट्रीयत्वाची कल्पना पुढे इतक्या हिरीरीने मांडली तो मनुष्य महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, हिंदी व छत्तीसगढी भाषिकांच्या मुलखात जन्मलेला होता. शालेय शिक्षण वऱ्हाडात, अमरावतीस झाले. या गोष्टींचा परिणाम त्यांच्या विचारांवर खोलवर झालेला दिसतो. पुण्यामुंबईच्या लेखकांना महाराष्ट्र म्हणजे देश आणि कोकण एवढेच बहुधा अभिप्रेत असे. केतकरांच्या डोळ्यांसमोर मात्र मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड, निजामाचे मराठवाड्यातील जिल्हे, पोर्तुगीज अमलाखालील गोमंतक, आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांत विखुरलेला मराठी समाज असे एक विस्तृत चित्र होते. मराठी राज्याची स्थापना १९६० साली झाली. त्याच्या चाळीसएक वर्षे आधी, निरनिराळ्या राजवटींखाली नांदणाऱ्या या समाजाला एका ग्रंथाभोवती गोळा करण्याचा उद्योग त्यांनी केला, हे ध्यानात घेतले म्हणजे कोशाच्या नावातील महाराष्ट्रीय या शब्दाचे वजन कळते.

मुंबईस विल्सन महाविद्यालयात काही काळ अध्ययन केल्यावर १९०६ साली ते अमेरिकेस गेले. त्या काळी हिंदी विद्यार्थ्यांची वाट विलायतेची, आणि तीही मुख्यतः बॅरिस्टरीची किंवा सनदी नोकरीची. समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या अध्ययनासाठी न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठ गाठणे हा सर्वस्वी निराळा मार्ग होता, आणि परत आल्यावर त्या मार्गाने उपजीविकेचे कोणतेच ठरीव दार उघडत नव्हते. पाच वर्षे ते तेथे राहिले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग १९०९ साली इथाका येथे प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीच्या आधारे एका विवक्षित कालखंडातील समाजस्थिती रेखाटण्याचा तो प्रयत्न होता. हिंदुधर्माचे स्वरूप व भवितव्य यांची चर्चा करणारा दुसरा भाग १९११ साली लंडनहून निघाला. कॉर्नेलची डॉक्टरेट त्यांना मिळाली तीही १९११ सालीच.

या ग्रंथाची योग्यता किती होती हे पाहायचे असेल तर १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वाचलेल्या जातिविषयक निबंधाकडे वळावे. सेनार, नेसफील्ड, रिस्ली या युरोपीय पंडितांच्या व्याख्यांबरोबर आंबेडकरांनी तेथे केतकरांची व्याख्या विचारात घेतली आहे. तीत त्यांनी दुरुस्ती सुचविली; पण जातीचा विचार एकेकट्या जातीवरून न करता जातींच्या समग्र व्यवस्थेच्या संदर्भात केला पाहिजे, ही केतकरांची दृष्टी त्यांनी मान्य केली. दोघांच्या सामाजिक अनुभवांत जमीनअस्मानाचे अंतर होते, आणि पुढे दोघांचे मार्गही अगदी भिन्न झाले. तरीही भारतीय समाजशास्त्राच्या आरंभकाळातील हा धागा विसरला जाऊ नये. मराठी वाचकांना केतकर कोशकार आणि विक्षिप्त कादंबरीकार म्हणून ठाऊक असतात. समाजशास्त्रज्ञ केतकर मात्र इंग्रजीत अडकून पडले आणि मराठीत पुरते उतरलेच नाहीत.

अमेरिकेहून परतताना ते काही काळ लंडन येथे राहिले आणि १९१२ साली स्वदेशी आले. कलकत्ता विद्यापीठात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. सर आशुतोष मुखर्जी तेव्हा तेथे कुलगुरू होते आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील विद्वानांना ते आवर्जून गोळा करीत होते. परंतु केतकरांची ही नोकरी फार काळ टिकली नाही. त्यानंतर दक्षिणेकडील त्यांचा प्रवास, व्याख्याने आणि स्थिर वृत्तीचा अभाव यांत दोन-तीन वर्षे गेली. या भ्रमंतीने अर्थप्राप्ती झाली नाही, हे खरे; पण हिंदुस्थानातील निरनिराळ्या भाषा आपापल्या परीने आधुनिक ज्ञान कसे आत्मसात करू पाहत आहेत, याचे दर्शन अशा प्रवासातच घडते.

त्या काळचा तो भाग भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. बंगालीत रंगलाल व त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी आरंभिलेला आणि नगेंद्रनाथ बसूंनी पुढे चालविलेला विश्वकोश २२ खंडांत १९११ साली पुरा झाला होता. पुढे बसूंनी हिंदी विश्वकोशाचे कामही हाती घेतले. तेलुगूत कोमर्राजु लक्ष्मणराव यांनी आंध्र विज्ञानसर्वस्वाचा उपक्रम सुरू केला होता. या लक्ष्मणरावांचे शिक्षण नागपुरास झालेले होते, मराठी त्यांना उत्तम येत असे आणि मराठी नियतकालिकांतून त्यांनी लेखनही केले होते. अकाराचे मोजके खंड निघाले आणि १९२३ साली त्यांना मृत्यूने गाठले; कोश तसाच राहिला. म्हणजे एकेका भाषेसाठी एकेका व्यक्तीने आपले आयुष्य पणास लावावे, असा तो काळ होता. मराठीत रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ साली भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश रचला होता. तो चरित्रांचा आणि स्थळांचा कोश. सर्व विद्यांचा संग्रह करणारा कोश मराठीत नव्हता.

केतकरांनी १९१६ च्या सुमारास नागपूर येथे या कार्यास आरंभ केला. येथे त्यांनी जी पद्धती स्वीकारली ती त्यांच्या बुद्धीची चुणूक दाखविणारी आहे, आणि पुढील आपत्तीचे बीजही तिच्यातच होते. आपल्याकडे मोठा ग्रंथ म्हणजे राजाश्रय, असा परिपाठ होता. संस्थानिकाला अर्पणपत्रिका लिहावी, देणगी मिळवावी आणि ग्रंथ छापावा. केतकरांनी असे न करता भागभांडवलाची मर्यादित कंपनी स्थापन केली. ज्ञानकोश मंडळाचे भाग विकायचे, ग्राहकांकडून वर्गणी घ्यायची आणि त्या पैशावर संपादन, छपाई व वितरण चालवायचे, अशी ही योजना होती. ज्या समाजाला ज्ञान पाहिजे त्या समाजानेच त्याचा खर्च सोसावा. दात्याच्या मर्जीवर ज्ञान अवलंबून राहिले तर ते स्वतंत्र राहत नाही, असा यामागील विचार दिसतो. सरकारचा आश्रय तर दूरच राहिला.

हा विचार तत्त्वतः निर्दोष होता. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की, संपादकालाच विक्रेता व्हावे लागले. कॉर्नेलचा डॉक्टर, इंग्रजी दोन ग्रंथांचा कर्ता असा हा विद्वान गावोगाव हिंडून वकील, मामलेदार, शाळामास्तर, जमीनदार आणि व्यापारी यांना कोशाचे भाग घेण्यास विनवू लागला. मराठी माणूस जेथे जेथे होता तेथे तेथे जाणे प्राप्त होते, आणि वर वर्णिल्याप्रमाणे तो फार दूरदूर पसरलेला होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातील प्रवास, परक्या घरी उतरणे, आश्वासने घेऊन परतणे आणि ती आश्वासने वसूल करण्यासाठी पुन्हा जाणे हा त्यांचा क्रमच होऊन बसला. एखाद्या शाळाखात्यातील अधिकाऱ्याने चार शब्द बोलावेत म्हणून तासन् तास तिष्ठणे हेही त्यात आले. विद्वत्तेचा आणि आर्जवाचा असा मिलाफ एकाच माणसाच्या ठायी क्वचितच होतो. केतकरांच्या ठायीही तो स्वाभाविक नव्हता. त्यांचा स्वभाव आर्जवी नव्हता, उलट तुटक आणि मतांविषयी आग्रही होता. त्यांनी ते आर्जव कर्तव्य म्हणून केले आणि त्याची किंमत प्रकृतीच्या रूपाने दिली.

पुढे कार्यालय पुण्यास आले. महायुद्धाच्या काळात कागद महागला होता आणि युद्ध संपल्यावरही छपाईचा खर्च पूर्वपदावर आला नाही. अशा परिस्थितीत १९२० पासून खंड निघू लागले. प्रथम निघाले ते प्रस्तावनाखंड. 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास' असे हे ५ खंड होत. अकारविल्हे लेख असलेले शरीरखंड त्यानंतर सुरू झाले. ज्या वर्गणीदाराने अ पासून ह पर्यंतचा कोश घरात यावा म्हणून पैसे भरले होते, त्याच्या हाती आरंभी जगाच्या इतिहासाची आणि वेदवाङ्मयाची ही भरघोस मीमांसा पडली. व्यापारी दृष्टीने पाहता ही चूकच म्हटली पाहिजे.

परंतु केतकरांना ती चूक वाटली नसती. त्यांच्या दृष्टीने इंग्रजी कोशांचे मराठीकरण करून काम भागत नव्हते. त्या कोशांतील जगाचा मध्यबिंदू युरोप होता. आशिया खंडातील संस्कृती त्यात परिघावर दिसत. मराठी वाचकाने जगाकडे पाहायचे ते स्वतःच्या जागेवरून, हिंदुस्थानातून पाहावे, म्हणून आधी ती जागा निश्चित केली पाहिजे, हा प्रस्तावनाखंडांचा हेतू. 'हिंदुस्थान आणि जग' हे पहिल्याच खंडाचे नाव या दृष्टीने सूचक आहे. या खंडांतील अनेक निष्कर्ष पुढील संशोधनाने मागे पडले, काही मुळातच धाडसी होते. तथापि पारतंत्र्यात असलेल्या एका भाषेच्या कोशकाराने जगाची मांडणीच नव्याने करावयास घ्यावी, ही आकांक्षा सामान्य नव्हे. राष्ट्रउभारणी हा शब्द सभा, चळवळी आणि तुरुंगवास यांच्या संदर्भात वापरण्याची प्रथा आहे. तो या कामालाही तितकाच लागू आहे.

कोशाच्या कार्यालयात तरुण पदवीधरांचा एक वर्ग तयार झाला. इंग्रजी, संस्कृत आणि क्वचित अन्य भाषांतील साधने चाळणे, टिपणे काढणे, लेख सिद्ध करणे, परिभाषा ठरविणे ही कामे ते करीत. रसायनापासून राज्यघटनेपर्यंत शेकडो विषयांवर मराठीत प्रथमच लिहायचे होते, आणि त्यांपैकी अनेक विषयांना मराठीत रुळलेले शब्दच नव्हते. भाषा ओबडधोबड झाली, वाक्ये बोजड झाली, काही लेख घाईचे झाले. टीकाकारांनी ते दाखविलेही. पण याच कार्यालयातून यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे बाहेर पडले, आणि १९३२ ते १९३८ या काळात त्यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर त्यांच्याकडून 'सुलभ विश्वकोश'ही तयार झाला. मराठीतील कोशकार्याची जी परंपरा पुढे चालली तिचे हे प्रशिक्षणगृह होते, असे म्हणावयास हरकत नाही. केतकरांच्या पदरी या परंपरेतून काही उत्पन्न पडले नाही, ही गोष्ट वेगळी.

कोशाचे खंड निघू लागले त्याच वर्षी, म्हणजे १९२० साली, केतकरांचा विवाह झाला. लंडनमधील वास्तव्यात एडिथ कोन या जर्मन वंशाच्या ज्यू तरुणीशी त्यांचा परिचय झाला होता. ती हिंदुस्थानात आली, व्रात्यस्तोम विधीने तिला हिंदुधर्मात प्रवेश देण्यात आला आणि तिचे शीलवती असे नाव ठेवण्यात आले. बाहेरच्या माणसाला हिंदू समाजात प्रवेश कसा मिळावा, याचा विचार केतकरांनी तरुणपणीच्या इंग्रजी लेखनात केलेला होता. आता त्यांनी तो स्वतःच्या घरात अमलात आणला. पुण्याच्या पांढरपेशा समाजाला हे पचविणे जड गेले. ज्या वर्गाकडून वर्गणी यावयाची त्याच वर्गाच्या रूढीला धक्का देण्याचे हे कृत्य होते. कोशाच्या हितासाठी विवाह लांबवावा किंवा लपवावा, असा व्यवहारी विचार त्यांनी केला नाही.

शीलवतीबाईंच्या विद्वत्तेचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण केतकरांच्या चरित्रात त्या बहुधा सोशिक पत्नी एवढ्याच रूपाने येतात. प्रागच्या विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. मूळ ग्रंथकाराने तपासलेला त्याचा पहिला खंड १९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने प्रकाशित केला. बौद्ध व जैन वाङ्मयाचा दुसरा खंड हेल्गा कोन यांच्या सहकार्याने १९३३ साली निघाला. संस्कृत न जाणणाऱ्या कित्येक पिढ्यांनी वैदिक आणि बौद्ध वाङ्मयाचा परिचय या भाषांतरातून करून घेतला आहे. मुखपृष्ठावर भाषांतरकर्ती म्हणून श्रीमती केतकर एवढेच नाव असल्याने, तिच्या घरी त्या वेळी पैशाची किती चणचण होती याची कल्पना जगभरच्या वाचकांना येण्याचे कारण नव्हते. कलकत्ता विद्यापीठात पतीला जागा टिकविता आली नव्हती. त्याच विद्यापीठाच्या प्रकाशनांत पत्नीचे काम स्थिर झाले.

कोशाचे काम संपत आले तेव्हा, १९२७ साली, केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' हे पुस्तक लिहिले. ज्ञानकोश मंडळाचा इतिहास असे त्याचे स्वरूप आहे. मोठे कार्य पार पाडलेल्या माणसाच्या लेखनात जी कृतार्थता अपेक्षावी तिच्यापेक्षा हिशेब देण्याची वृत्तीच त्यात प्रकर्षाने जाणवते. भागीदारांच्या कंपनीचा चालक या नात्याने त्यांना हे करणे भागच वाटले असावे. समाजाने त्यांच्याकडे हिशेब मागितला आणि त्यांनी तो दिला. समाजाचे त्यांच्याकडे काही देणे निघते काय, हा प्रश्न त्या जमाखर्चात बसण्यासारखा नव्हता.

खरोखर पाहता अडचण येथेच होती. ज्ञानकोश हा एकदाच होणारा व्यवहार होता. ग्राहकाला खंड मिळाले की कंपनीचा आणि त्याचा संबंध संपला. नवी आवृत्ती, पुरवण्या, अन्य प्रकाशने यांच्या योगाने संस्था चिरस्थायी व्हावी, असा केतकरांचा मनोदय होता. गुजराती ज्ञानकोशाचा उपक्रमही त्यांनी हाती घेतला. पण तो पुरा होऊ शकला नाही. एकेका भाषेसाठी एकेक असे कोश उभे राहिले तर सामग्रीचा बराच भाग सामायिक वापरता येईल, हा त्यामागील हिशेब बरोबर होता. परंतु मराठी कोशासाठी झालेल्या दगदगीनंतर दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात तीच दगदग पुन्हा करण्याची शक्ती एका माणसाच्या अंगी किती उरणार?

नोकरीच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिकच विषण्ण करणारे आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि १९२४ पासून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. घुर्यांची योग्यता निर्विवाद होती आणि त्यांनी त्या विभागाचे सोने केले. तरीपण जातिसंस्थेवर डॉक्टरेट मिळवून १९११ सालीच परतू पाहणारा आणि तिच्यावर दोन ग्रंथ लिहिलेला मनुष्य पुण्यात असताना, त्याला समाजशास्त्र शिकविण्याचे आसन कोठेही मिळू नये, याचा विचार करावा तेवढा थोडा. विद्यापीठीय ज्ञान आणि भाषेतील ज्ञान असे दोन वेगळे वर्ग त्या काळी पडू लागले होते. पहिल्याला वेतन होते, दुसऱ्याला वर्गणी. केतकरांनी दुसरा वर्ग निवडला, आणि एकदा निवडल्यावर पहिल्याची दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत.

यात त्यांच्या स्वभावाचा वाटा नव्हता, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गट बांधून राहण्याची कला त्यांना अवगत नव्हती. टिळकांच्या अनुयायांत ते मावले नाहीत, गांधींच्या राजकारणाशी त्यांचे पटले नाही, सुधारकांना ते परंपरावादी वाटत आणि सनातन्यांना भ्रष्ट. राजकारणावरील 'निःशस्त्रांचे राजकारण' या १९२६ च्या पुस्तकाने कोणताच पक्ष संतुष्ट होण्यासारखा नव्हता. विचारवंताच्या दृष्टीने हे स्वातंत्र्य भूषणावह होय. संसारी माणसाच्या दृष्टीने ते फार महाग पडते. ज्याच्यामागे पक्ष नाही त्याच्यासाठी निधी जमत नाहीत, सत्काराच्या थैल्या भरत नाहीत. विक्षिप्त हे विशेषण त्यांना चिकटले ते कायमचे. एखाद्याला विक्षिप्त ठरविले की, त्याच्या गरजांची जबाबदारी अंगावरून झटकता येते, हेही तितकेच खरे.

'विद्यासेवक' हे मासिक त्यांनी याच काळात चालविले. त्यांच्या कादंबऱ्यांचा जन्मही याच उत्तरकाळातला. 'गोंडवनातील प्रियंवदा' आणि 'परागंदा' १९२६ साली निघाल्या. 'ब्राह्मणकन्या' १९३० साली. 'आशावादी', 'गावसासू', 'भटक्या', 'विचक्षणा' या त्यांच्या इतर कादंबऱ्या. फडके-खांडेकरांच्या कादंबरीला मराठी वाचक सरावू लागला होता तेव्हा त्याच्यापुढे ही खडबडीत, प्रमाणबद्धतेची पर्वा न करणारी, पानेच्या पाने चर्चा करणारी कादंबरी आली. कलेच्या कसोटीवर ती उतरली नाही आणि वाचकाने तिच्याकडे पाठ फिरविली. वस्तुतः केतकरांना जे समाजशास्त्राच्या आसनावरून सांगता आले नाही ते ते कादंबरीतून सांगत होते.

'ब्राह्मणकन्या'च्या संविधानकावरून हे स्पष्ट होईल. कालिंदी ही सुधारक ब्राह्मण पित्याची मुलगी. तिच्या आईचा जन्म मात्र विवाहबाह्य संबंधातला. पित्याने धैर्याने विवाह केला, पण समाजाने त्याच्या मुलांना कोणत्याच जातीत जागा दिली नाही. कालिंदी शेवटी लिंगायत व्यापाऱ्याबरोबर विवाहावाचून राहते, तेथून बाहेर पडते आणि कामगारांच्या जगात नवी वाट शोधते. तिच्या भोवती बेने इस्राएल समाजातील माणसे आहेत, नवी स्मृती रचू पाहणारे शास्त्री आहेत, गिरणगाव आहे. जातीबाहेर पडलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न मराठी कादंबरीत इतक्या सविस्तरपणे पूर्वी कोणी हाताळला नव्हता. जो लेखक स्वतः ज्यू स्त्रीशी विवाह करून पुण्यात राहत होता आणि ज्याच्या घरात दत्तक मुले वाढत होती, त्याला हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. त्या काळच्या समीक्षेने कथानकाची शिथिलता मोजली. प्रश्नाचे गांभीर्य तिला मोजता आले नाही.

१९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. साहित्यिकाला मराठी समाज जो सर्वोच्च मान देऊ शकतो तो हाच होता, आणि निजामी राज्यातील मराठी भाषिकांसमोर तो मिळावा हेही औचित्यपूर्ण होते. परंतु या मानाने परिस्थितीत काही फरक पडला नाही. अध्यक्षपद हा तीन दिवसांचा सोहळा असतो; हारतुरे सुकल्यावर अध्यक्ष आपल्या घरी जातो. केतकरांच्या घरी त्यांची वाट पाहत होती ती देणेकऱ्यांची बिले आणि वाढत चाललेला मधुमेह.

शरीर थकत गेले तरी योजना थकल्या नाहीत. प्राचीन महाराष्ट्राचा समग्र इतिहास लिहिण्याचा संकल्प त्यांनी केला आणि त्याचा शातवाहन पर्वाचा भाग १९३५ साली प्रसिद्ध झाला. शिलालेख, प्राकृत वाङ्मय, पुराणे आणि लोकपरंपरा यांची सांगड घालून महाराष्ट्राच्या घडणीचा मागोवा घेण्याचा तो यत्न होता. पुढील पर्वे लिहून व्हावयाची होती. संशोधन संस्थेत बसलेल्या अभ्यासकाला असे काम दहा-पंधरा वर्षांत शांतपणे करता येते. केतकरांना ते पोटाची चिंता वाहत करावे लागले.

मधुमेह हा त्या काळी आजच्यासारखा आवाक्यात आलेला रोग नव्हता. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला होता. पण ते औषध हिंदुस्थानातील ओढगस्तीच्या संसाराला नित्य परवडण्यासारखे नव्हते. पथ्य, विश्रांती आणि निश्चिंतता यांवरच बरेच अवलंबून असे, आणि यांपैकी कोणतीही गोष्ट केतकरांच्या दिनक्रमात नव्हती. जखम चिघळली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते. 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे काम त्या वेळी पुण्यात चालू होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे ते करीत होती.

मृत्यूनंतर त्यांची आठवण अगदीच बुजली असे नाही. द. न. गोखले यांचे साक्षेपी चरित्र १९५९ साली निघाले. दुर्गा भागवतांनी १९६७ साली 'केतकरी कादंबरी'त त्या दुर्लक्षित कादंबऱ्यांचे सामर्थ्य दाखवून दिले, आणि त्यानंतर मराठी समीक्षेला त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी विश्वकोशाची योजना सरकारी पातळीवर हाती घेण्यात आली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली, सरकारी अर्थसाहाय्याने, वेतनावर नेमलेल्या संपादकवर्गाच्या हातून तिचा पहिला संहिताखंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. शासनाचे पाठबळ असतानाही पहिल्या खंडास इतकी वर्षे लागली, हा त्या मंडळाचा दोष नव्हे. कोशाचे काम असतेच असे. मात्र त्यावरून वर्गणीच्या बळावर दहा वर्षांच्या आत २३ खंड हातावेगळे करणाऱ्या माणसाने स्वतःवर किती भार घेतला होता, याचा अंदाज करता येतो.

शीलवतीबाई पतीच्या मागे दीर्घकाळ हयात होत्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९६९ साली, केतकरांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी, मराठीत प्रसिद्ध झाले. संसारातील ओढाताण, कोशाच्या पायी घरावर चढलेले कर्ज, आप्तस्नेह्यांची थंड वागणूक आणि पतीचा हट्टी, प्रेमळ, अव्यवहारी स्वभाव यांचे वर्णन त्यांनी आडपडदा न ठेवता केले आहे. पुस्तकाचे नाव 'मीच हे सांगितलं पाहिजे' असे आहे.